दोन सूत

आमच्या गल्लीत एखादी गोष्ट घडली आणि ती मला कळली नाही, तर ती घडलीच नाही असं समजतात. मी नाही म्हणत, गल्ली म्हणते. नागपुरात इंदोऱ्याच्या मागच्या अंगाला आमची ही गल्ली. दोन्हीकडून मिळून बावीस दारं आणि माझं दार बरोबर मधोमध. सकाळी भाजी निवडायला ओट्यावर बसलं की डावीकडचे आणि उजवीकडचे सगळे संसार आपोआप माझ्या परातीत येऊन पडतात. मी फक्त देठं काढते.

तरी दीप्तीच्या बाबतीत मी सपशेल फसले, हे आधीच कबूल करून टाकते.

दीप्ती म्हणजे प्रशिकची बायको. प्रशिक बर्डीच्या बाजारात मोबाईलची कव्हरं विकतो, दिवसभर ओरडतो आणि घरी येऊन अगदी गप्प बसतो. दीप्ती चौतीस-पस्तीसची, उंच, काटक. बांधकामावर रेजा म्हणून जायची. रेजा म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन रेती, विटा, कालवलेला माल वाहून नेणारी बाई. आमच्याकडे साइटवर बाई दिसली की ती रेजाच. वीस वर्षं राबली तरी रेजाच. तिच्यासोबत लागलेला पोरगा दोन वर्षांत मिस्त्री होऊन तिलाच हाक मारतो, "ए रेजा, माल आन."

तर ही दीप्ती चालता चालता थांबायची आणि खाली बघत उभी राहायची. रस्त्यात, दवाखान्यात, बुद्धविहाराच्या पायरीवर, कुठेही. एकदा तर लग्नात. हॉलमध्ये नवरी येतेय, सगळे टाचा उंचावून बघतायत, आणि ही बाई तिकडे हात धुण्याच्या जागी उकिडवी बसून जमिनीकडे टक लावून. मी आधी म्हटलं, कानातलं पडलं असेल. मग म्हटलं, चक्कर येतेय, म्हणजे गोड बातमी. मग म्हटलं, प्रशिकशी वाजलेलं दिसतंय. हे तीन अंदाज मी तीन वेगवेगळ्या घरी सांगितले. संध्याकाळी परत आले तेव्हा ते पाच झाले होते. शेवटी मीच तिला गाठलं.

"काय वं दीप्ते, काय हरपलं तुझं?"

"काई नाही काकू. पानी पाहून राहिलो."

"कोणतं पाणी? इथी तं टिपूस नाही."

"आलं तं कुठून जाईन, ते पाहून राहिलो," असं म्हणून ती इतकी सहज हसली की मला पुढे काही विचारताच येईना. आणि मला पुढे विचारता येत नाही, असं वर्षातून एखाद्याच वेळी होतं.

नंतर हळूहळू कळलं. तिचं माहेर कामठीचं. वडील, दादाजी, पावरलूमवर कामाला. घरासमोर गल्लीचा सार्वजनिक नळ. नळ वाहायचा, ओघळ मातीतून वाट काढत जायचा, आणि मागे दिवसभर मागांची खटखट. ही पोरगी त्या ओघळाशेजारी बसून राहायची. पाणी कुठे अडतं, कुठे विचार करतं, कुठे एकदम निर्णय घेऊन वळतं. हे "विचार करतं" तिचे शब्द, माझे नाहीत. आई, भीमाबाई, आतून हाका मारमारून थकायची. वडील घरी आले की त्यांच्या सदऱ्यावर, केसांत, भुवयांत सुताचे तंतू असायचे, आणि ते एकेक वेचून काढणं हे या पोरीचं काम. दुपारी झोपली की डोळ्यांपुढे पाणी आणि सूत, सूत आणि पाणी. असं बालपण असल्यावर बाई सरळ कशी चालणार, सांगा.

आता महादेवरावांकडे येते.

महादेवराव म्हणजे फरशीचे मिस्त्री. कन्हानहून रोज बसने येणार. साठी ओलांडलेले, पांढऱ्या मिशा, बोलणं इतकं कमी की त्यांची बायको त्यांच्याशी बोलण्याऐवजी रेडिओ लावते म्हणतात. (हे मला बसमध्ये कळलं. खरं-खोटं बसवाल्यांना माहीत.) त्यांच्या हाताखाली कोणी टिकायचं नाही, कारण ते शिकवायचेच नाहीत. नुसतं करायचे. ज्याला दिसलं त्याला दिसलं.

कामठी रोडवर एका इमारतीचं काम चालू होतं. दीप्ती तिथे घमेली वाहत होती. दुपारच्या सुट्टीत सगळे सावलीत लवंडलेले, उन्हाने हवा थरथरतेय, आणि ही महादेवरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, मले फरशी शिकवा."

"काहून?"

"मले दिसते."

"काय दिसते?"

"पानी. कुठं जाईन ते."

महादेवरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ऊन लागलेल्या माणसाकडे बघतात. मग उठले, ड्रममधून मगभर पाणी घेतलं आणि कोऱ्या, खडबडीत स्लॅबवर मध्ये जाऊन उभे राहिले. पण हातातला मग तिरपा केला नाही.

"सांग आधी."

दीप्तीने डोळे बारीक केले. अंगभर घामाचे ओघळ, पण चेहरा मात्र असा, की कोणी तिला गाणं ऐकवतंय. मग तिने बोट केलं, त्या खांबाच्या मागे, फुटक्या विटेपाशी. महादेवरावांनी पाणी ओतलं. पाणी पसरलं, थांबलं, थोडं डावीकडे गेलं, परत आलं, आणि कोणीतरी हळूच बोलावल्यासारखं खांबाला वळसा घालून विटेपाशी जाऊन बसलं.

महादेवरावांनी रिकामा मग पुन्हा ड्रमवर ठेवला. म्हणाले, "उद्यापासून रेती चाळजो."

झालं शिक्षण सुरू. आणि शिक्षण म्हणजे काय, तर चार महिने नुसती रेती. मी ओट्यावरून विचारायची, "काय वं, कोणत्या वर्गात गेली?" ती म्हणायची, "बारीक रेतीत." पुढे माल कालवायला मिळाला. मग भिंतीच्या टाइल्स पाण्यात भिजवायला, बुडबुडे थांबेपर्यंत. या टाइल्स भिजवताना ती टबाशेजारी बसून अशी काही बघत राहायची, की महादेवरावांना ओरडावं लागायचं, आणि महादेवराव ओरडले म्हणजे काय, तर खाकरले.

मग कान तयार झाले. बसवलेल्या फरशीवर रबरी हातोडीने ठोकलं की भरीव फरशी एक बोलते आणि खाली पोकळी राहिली असेल तर दुसरं बोलते. हे कळायला लागल्यावर या बाईने सगळ्यांचं जिणं हराम केलं. माझ्याकडे हळद मागायला आली, उभ्या उभ्या पायाच्या अंगठ्याने दोनदा ठोकलं आणि म्हणते, "काकू, हे पोकळ हाय." माझी नवीकोरी फरशी! मी म्हटलं, पोकळ असेल तुझं डोकं. तर शांतपणे अख्ख्या खोलीत फिरून अकरा पोकळ फरश्या दाखवून गेली, आणि हळद तशीच राहिली. तेव्हापासून मी माझ्याच घरात बोका चालावा तशी चालते. कलिंगड, मडकी, दाराच्या फळ्या, सगळं ठोकून झालं. प्रशिक म्हणाला, "काकू, काल तिनं माझं डोस्कं वाजवून पाह्यलं." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "मग काई नाही, हासली." मी पुढे विचारलं नाही. नवरा-बायकोतली गोष्ट.

पण तिला सगळ्यात जास्त आवडायची ती लेवलची नळी. तुम्ही पाहिली असेल, पारदर्शक लांब नळी, आत पाणी भरलेलं. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर थांबतं, मग मध्ये काहीही असो. ती मला सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज दूरवरून आल्यासारखा व्हायचा: महादेवराव पुढच्या खोलीत, ती मागच्या खोलीत, मध्ये भिंत. काका दिसत नाहीत, त्यांचा आवाज येत नाही. नळीतलं पाणी वर-खाली झुलतं, झुलतं, आणि मग झोप लागल्यासारखं स्थिर होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून येतं, "बरोबर?" आणि ही म्हणते, "बरोबर." दिवसभरात तेवढंच बोलणं. "काकू, भित्तीच्या पल्याड काय हाय ते पान्याले मालूम राह्यते," असं म्हणून ती माझ्या भिंतीकडे बघत बसायची. मला बाई भीतीच वाटायची. भिंतीपलीकडचं कळण्याचं खातं गल्लीत माझ्याकडे आहे.

अशी तीन वर्षं गेली. या तीन वर्षांत तिला सगळं यायला लागलं, पण एक गोष्ट महादेवरावांनी तिच्या हातात कधी दिली नाही. पहिली फरशी.

याचं असं असतं. खोलीत पहिली फरशी जिथे आणि जशी बसते, तिच्या मागे बाकीच्या सगळ्या जातात. ती तिरपी तर खोली तिरपी, ती उंच तर दार अडणार. म्हणून पहिली फरशी मिस्त्रीची. बाकी शंभर दुसऱ्याने लावल्या तरी पहिली ज्याची, तोच मिस्त्री. उरलेले सगळे हेल्पर. महादेवराव चपला बाहेर काढायचे, हाताने पाणी शिंपडायचे, फरशी ठेवायचे, तीनदा ठोकायचे आणि मागे सरकून तिच्याकडे बघत राहायचे. तेव्हा साइटवर कोणी बोलायचं नाही. मग म्हणायचे, "घे." आणि पुढची सगळी खोली दीप्तीची. नागपुरात कितीतरी घरांत तिच्या हातची जमीन आहे, फक्त दारापाशी एक चौकोन तिचा नाही.

एका रविवारी दुपारी दीप्ती तिच्या अंगणात बाजेवर पडली होती. लिंबाची सावली तोंडावर हलत होती. मी गेले तर डोळे उघडे, पण आत कोणी नाही.

"झोपली होती का वं?"

"सपन पडलं काकू. कन्हान नदीच्या पान्यावर फरशी बसवून राहिलो होतो मी. पानी अस्सं थांबलेलं, आरशावानी. ठेवतो तं बसते, बुडत नाही. त्या काठापर्यंत बसवली. तिकून मानसं येऊन राहिले चालत. अन् या काठाले येऊन थांबले."

"काहून?"

"पहिलीच नोती न. पाय कुठं ठेवतीन?"

मी म्हटलं, "होडी कर त्यायच्यासाठी." माझा विनोद तिला ऐकूच गेला नाही. ती पुन्हा पानांमधून कुठेतरी बघायला लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या बाईला काय हवंय, आणि ते तिला कोणी देणार नाही, मागून तर नाहीच.

मग आलं इंदुताईंचं काम. इंदुताई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, निवृत्त शिक्षिका. उभा जन्म न आणि ण यांची भांडणं सोडवण्यात गेला. आमच्याकडच्या बायका स्वतःला "येतो", "करतो" म्हणतात, तेही त्या जागच्या जागी सुधारून "येते" म्हणायला लावतात. गच्चीवर एक खोली बांधली होती, त्या खोलीपुढे आठ फूट लांब, चार फूट रुंद गॅलरी. गॅलरीच्या बाहेरच्या कोपऱ्यात पाणी जायची जाळी. होळी होऊन गेली होती. घरोघरी माळ्यावरून कूलर उतरले होते, त्यांना नवीन खस लागत होती, आणि सगळ्या गल्लीला ओल्या गवताचा वास येत होता. इंदुताईंचा कूलर या गॅलरीत बसायचा होता. नागपुरात कूलर म्हणजे चार महिने टपटप. तेव्हा ते पाणी खोलीत न येता जाळीत गेलं पाहिजे, हाच सगळा प्रश्न.

मी त्यांच्याच गच्चीवर कुरडया घालत होते. माझ्या गच्चीवर ऊन कमी येतं म्हणून. (ऊन दोन्हीकडे सारखंच येतं, पण ते जाऊ द्या.) त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

शनिवारी सकाळी दीप्ती आली, माल कालवला, टाइल्स काढल्या, आणि महादेवरावांची वाट बघत बसली. नऊ वाजले, दहा वाजले. मार्चचं ऊन, कालवलेला माल थांबत नाही, घमेल्यात दगड होतो. शेवटी तिने फोन लावला. फोन स्पीकरवर, कारण हात मालाने भरलेले.

"काका, कुठी हा?"

पलीकडून जो आवाज आला तो महादेवरावांचा वाटेचना. मग कळलं, सकाळी कन्हानला दाढ काढली होती. तोंडात कापूस. असेही जे तीन शब्द बोलतात ते आता दीड.

"नाई येत. तू कर."

"माल कालवला काका. पान्याले ढाळ किती देऊ?"

"दोन हूत."

"आँ?"

"दोन... सूत. जाळीकडं."

दीप्तीने श्वास घेतला. "अन् पहिली?"

फोनमध्ये थोडी खरखर झाली आणि मग आलं, "हूं."

"लावू का मी?"

"हूंऽऽ." आणि फोन बंद.

दीप्ती तशीच उभी राहिली. मी कुरडईचा सोऱ्या हातात धरून तशीच. इंदुताई दारात. तिघीही त्या हूंकडे बघत होतो, जसं ते हवेत कुठेतरी लटकलंय. मग इंदुताई म्हणाल्या, "परवानगी दिली वाटतं." मी म्हटलं, "दिलीच!" मला काय, माझ्या खिशातून थोडीच जाणार होती.

दीप्तीने चपला काढल्या. पाणी शिंपडलं. आणि मग एक गोष्ट केली, जी मला तेव्हा कळली नाही. दोरी काढली, जिला सगळे मिस्त्री सूत म्हणतात, फरश्या सरळ रांगेत याव्या म्हणून ताणतात ती. एक सूत दारापासून जाळीपर्यंत बांधलं. दुसरं, जिथे कूलर बसणार त्या खिडकीखालून जाळीपर्यंत. दोन सूत. आणि बराच वेळ त्या दोन दोऱ्यांमध्ये बघत राहिली. खाली गल्लीत कोणीतरी खसचा गठ्ठा आपटत होतं. उन्हात दोऱ्या चमकत होत्या. तिच्या तोंडावर तेच, नळाच्या ओघळाशेजारी बसलेल्या पोरीचं तोंड.

मग तिने दारापाशी पहिली फरशी ठेवली. तीनदा ठोकली. मागे सरकली. मी सांगते तुम्हाला, माझ्यासारख्या बाईनेही त्या वेळी तोंड बंद ठेवलं.

दिवसभर काम चाललं. दोन बाजूंनी उतार आल्यामुळे ते दोन उतार जिथे भेटले तिथे फरश्या सरळ बसेनात. तिने कटर घेतला आणि त्या कोनातून तिरप्या कापल्या. संध्याकाळी गॅलरीत एक रेघ तयार झाली, खिडकीखालून निघून जाळीपर्यंत तिरपी गेलेली, जशी लुगड्याची घडी. असं मी कुठे पाहिलं नव्हतं. इंदुताईंनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण हे असंच असतं का?" दीप्तीला ते ऐकूच गेलं नाही. ती कुठेतरी तरंगत होती. घरी गेली ती जमिनीला पाय न लावता.

रविवारी मी तिच्या अंगणात गेले. बाजेवर पडलेली, डोळे उघडे. मला वाटलं, आनंद पचतोय. मी म्हटलं, "काय मिस्त्री, पेढे कुठं हायेत?"

ती उठून बसली. हळूच म्हणाली, "काकू, दारापाशी थांबन."

"काय थांबन?"

"पानी. कूलरकडचं जाईन. दाराकडचं थोडं थांबन. काल दिसलं नाही मले. आता दिसून राहिलं."

मी तिला समजावलं. म्हटलं, अवं, दाराकडे पाणी येतंय कुठून? कूलर तिकडे. कोणाला कळणार नाही. महादेवराव येतील, कूलरकडे मगभर टाकतील, खूश होतील. तुझी पहिली फरशी झाली ती झाली. मला वाटतं मी बरोबरच सांगत होते. पण ती मान हलवत बसली, तोंड त्या गॅलरीकडे. गॅलरी तिच्या अंगणातून दिसत नाही, तरी.

सोमवारी महादेवराव आले. मी कुरडया उलटायला गच्चीवर होतेच, इंदुताईही माझ्याशेजारी. उजवा गाल सुजून पेरूएवढा झालेला, आत अजून कापूस. गॅलरीत येऊन उभे राहिले. तिरपी रेघ पाहिली. खिडकीखाली मगभर पाणी टाकलं. पाणी निघालं, रेघेपाशी आलं, रेघ धरली आणि एकही वाकडं पाऊल न टाकता जाळीत शिरलं. महादेवरावांच्या मिशा जरा हलल्या. "हूं," म्हणाले, आणि हातातला मग ठेवायला वळले. हेच ते. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते तिच्या पदरात पडलं होतं. तिने फक्त गप्प राहायचं होतं. मी दुरून डोळे मोठे करून तिला सांगत होते, गप्प राह्य.

"काका," ती म्हणाली, "दारापाशी टाका."

महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं. टाकलं. पाणी पसरलं, थोडं जाळीकडे गेलं. आणि उंबऱ्याशी, बरोबर पहिल्या फरशीवर, बशीएवढं पाणी थांबून राहिलं. त्यात आभाळ दिसत होतं.

"मी का सांगतलं होतं?" महादेवराव गाल धरून म्हणाले.

"दोन सूत."

"मंग?"

दीप्तीने भिंतीतल्या खिळ्यांकडे बोट केलं, जिथून दोऱ्या बांधल्या होत्या. "हे काय. एक, दोन."

महादेवराव बघतच राहिले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. ते हसत होते. त्यांना हसताना गल्लीने काय, कन्हाननेही पाहिलं नसेल. "अवं बह्याडे, टेपवरचं सूत! इंचाचा आठवा हिस्सा! फुटाले दोन सूत उतार..." एवढं बोलले आणि काढलेल्या दाढेची जागा ठणकली. गाल धरून खाली बसले, हसतायत आणि कण्हतायत, कण्हतायत आणि हसतायत. दीप्तीला टेपवरचं सूत माहीत नव्हतं असं नाही. पण विणकराची पोर ती. दोन सूत म्हटल्यावर तिला आकडा दिसला नाही, दोन धागे दिसले. आणि त्या धाग्यांवरून पाणी येताना आधीच दिसत होतं, म्हणून तिने तेच ऐकलं.

मग महादेवराव एकदम गंभीर झाले. "अन् पहिली कोनं लावली?"

"मी. तुमीच हूं म्हनले."

"हूं?" ते म्हणाले. "दाढ दुखून राहिली होती मही."

कुरडया तेवढ्या उन्हात वाळत होत्या. दीप्तीने मान खाली घातली, आणि मला वाटलं, झालं. गेली तीन वर्षं पाण्यात. इंदुताईंच्या ओठांवर काहीतरी येत होतं, मी त्यांना कोपर मारलं.

आता एक सांगते. तीन वर्षांत दीप्तीचं काही चुकलं की महादेवराव काहीही न बोलता स्वतः बसायचे, छिन्नी-हातोडीने चुकलेली फरशी फोडून काढायचे आणि नवी बसवायचे. तिला बाजूला उभं राहून बघायला लागायचं. हेल्परची चूक मिस्त्रीने काढायची, असा त्यांच्यात रिवाजच आहे. मी वाट पाहत होते की ते आता छिन्नी मागतील.

त्यांनी पिशवीतून छिन्नी काढली, हातोडी काढली, आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवली. मग घमेलं उलटं केलं, त्यावर बसले आणि इंदुताईंना म्हणाले, "बाई, चाय भेटन का? कोमट."

दीप्तीने आधी हात ओढणीला पुसले.

"काका, मी तोडू?"

"लावली कोनं?"

तिने छिन्नी घेतली. आधी फडक्याने ते बशीएवढं पाणी टिपलं आणि मग घाव घातला. तिच्या आयुष्यातली पहिली फरशी, दोन दिवसांची, मधोमध तडकली. तिच्या शेजारच्या तीनही. तुकडे वेचून तिने घमेल्यात नव्हे, ओढणीत घेतले आणि बाजूला ठेवले. महादेवराव फुंकर घालून चहा पीत होते, सुजल्या गालाने, एका बाजूने. मध्ये एकदा म्हणाले, "खालचा माल पुरा खरवड." एवढंच.

जागा साफ झाली. टेप लावला. फुटाला दोन सूत. तिने नवी फरशी दोन्ही हातांत धरली आणि वाट बघत राहिली. त्यांच्याकडे न बघता.

"लावू?"

महादेवरावांनी कप खाली ठेवला. तोंडातला कापूस काढला, नीट गुंडाळून खिशात घातला. मला वाटतं केवळ यासाठी काढला, की पुन्हा कोणाला गैरसमज नको.

"लाव," ते म्हणाले.

दुपार कलली तेव्हा नवा माल सुकायला सोडला होता. तिरप्या रेघेला त्यांनी हात लावला नाही. जाताना फक्त एकदा बोटाने ती चाचपली, खालपासून वरपर्यंत, आणि जिना उतरायला लागले. कन्हानची बस पकडायची होती. इंदुताईंनी वरून आवाज दिला, "अहो मिस्त्री, खालच्या न्हाणीघराचंही काम आहे. कधी येता?"

महादेवराव थांबले नाहीत. बहुतेक त्यांना वाटलं, हाक आपल्याला नाही.

दीप्ती गॅलरीत बसून हात धूत होती. मगातलं पाणी बोटांवरून सांडत होतं आणि ती ते कुठे जातंय ते बघत होती. वर न बघताच म्हणाली, "बुधवारी येतो बाई."

इंदुताईंनी कधी नव्हे ते "येतो" सुधारलं नाही.